नऊ दिवसांची शर्यत आणि आळशी डोळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइड या गावातून दरवर्षी जून महिन्यात काही सायकलस्वार निघतात आणि थेट पूर्व किनाऱ्यावर जाऊन थांबतात. अंतर साधारण ४८०० किलोमीटर. 'रेस अक्रॉस अमेरिका' हे या शर्यतीचे नाव. सायकलवाले तिला नुसते 'रॅम' म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये रोज संध्याकाळी शर्यत थांबते, खेळाडू जेवतात, झोपतात. रॅममध्ये घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही. झोप घ्यायची तर ती आपल्या वेळातून घ्यायची. संघांसाठी मुदत नऊ दिवसांची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी आळीपाळीने सायकल चालवत ही शर्यत आठ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. रॅम पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. ही बातमी नाशिककरांच्या चांगलीच लक्षात असेल.

त्या संघाचे नाव मात्र फारसे कुणाला आठवत नाही. ते होते 'टीम इंडिया – व्हिजन फॉर ट्रायबल्स'. आदिवासी भागातील लोकांच्या दृष्टीसाठी चाललेल्या कामाकडे लक्ष वेधावे, त्याला निधी मिळावा, हा त्या नावामागचा हेतू. गंमत अशी की भावांपैकी एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. डोळ्यांच्या व्यवसायाशी दोघांचाही थेट संबंध नाही. तरीही त्यांनी निवडलेला विषय वैद्यकाच्या दृष्टीने अगदी नेमका आहे, कारण लहान मुलाच्या डोळ्यापुढेही असेच एक न थांबणारे घड्याळ चालू असते.

खेळाडूने आपल्या घामावर आरोग्यासाठी पैसा उभा करायचा, ही कल्पना जगभर रुजली ती टेरी फॉक्समुळे. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गेलेल्या या कॅनेडियन तरुणाने एप्रिल १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले. १९८१ मध्ये तो गेला. त्याच्या नावाची दौड मात्र त्याच वर्षापासून दरवर्षी होते. आपल्याकडे सचिन तेंडुलकरने मुंबईत वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'अपनालय'ला वर्षानुवर्षे हात दिला. कर्करोगातून उठलेल्या युवराज सिंगने 'यू वी कॅन' उभे केले. नाशिकच्या मातीत तर असे खेळाडू कमी नाहीत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिने त्याच अंतराचे रौप्य मिळवले. तिचे 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव घरोघरी पोहोचले, तेव्हा बऱ्याच शहरी लोकांनी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या त्या पाड्याचे नाव पहिल्यांदा ऐकले.

खेळाडू अशा कामाला सर्वांत मोठी मदत करतो ती लोकांचे लक्ष वळवून. पैसा त्यामागून येतो. आता हा पैसा डोळ्यांवर नेमका कुठे आणि कधी खर्च व्हायला हवा, ते पाहू.

साठीच्या आजोबांना मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रिया दोन वर्षे लांबली, तर त्या दोन वर्षांचे हाल खरेच वाईट. पण शस्त्रक्रिया झाली की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. त्यांचा मेंदू पूर्वी पाहायला शिकलेला असतो. समोरचा पडदा बाजूला झाला की काम पूर्ववत सुरू. बाळाचे तसे नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पाच वर्षांनी केली, भिंग उत्तम बसवले, डोळा काचेसारखा स्वच्छ झाला, तरी त्याला नीट दिसेल याची खात्री नाही. कारण त्या डोळ्याकडून आलेला निरोप वाचायला मेंदू शिकलेलाच नसतो. म्हणून दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन महिन्यांतच उरकावी, असे डॉक्टर सांगतात. बाळाच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसला, किंवा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट चमकला, तर 'बारशानंतर बघू' म्हणायची सोय इथे नाही. असा पांढरा ठिपका क्वचित डोळ्यातल्या कर्करोगाचाही असतो.

मेंदूची ही गोष्ट डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उलगडली. त्यांनी मांजरीच्या नवजात पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढले तेव्हा डोळा ठणठणीत होता, दृष्टिपटलही शाबूत. पण मेंदूच्या मागच्या भागातील पेशी त्या डोळ्याला दादच देईनात. त्यांची जागा दुसऱ्या, उघड्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तेव्हा काहीही बिघडले नाही. म्हणजे वाढीच्या काळात अशी एक मुदत असते, जिच्यात मेंदू दोन्ही डोळ्यांशी आपले नाते पक्के करतो. या जोडगोळीला १९८१ मध्ये नोबेल मिळाले. माणसाच्या मुलाची ही मुदत मांजरापेक्षा कितीतरी लांब, साधारण सात-आठ वर्षांची. त्यातलीही पहिली वर्षे जास्त मोलाची.

या मुदतीत एका डोळ्याचे चित्र सतत धूसर राहिले तर मेंदू त्याला बाजूला सारतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. नाव फसवे आहे; डोळा आळशी नसतो, मेंदूने त्याला कामावरून काढलेले असते. जगभरात शंभरातल्या एक ते तीन मुलांमध्ये हा दोष सापडतो. त्याची कारणे तीन. पहिले तिरळेपणा: दोन डोळे दोन दिशांना पाहतात, मेंदूला दोन चित्रे मिळतात, म्हणून तो एक दाबून टाकतो. काही घरांत बारीक तिरळेपणा नशीबवान मानतात आणि डॉक्टरकडे जाणे राहून जाते. तिसरे कारण मोतीबिंदू किंवा डोळ्यावर उतरलेली पापणी. मधले, दुसरे कारण सर्वांत बेमालूम आहे. दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरात मोठा फरक असतो. डोळा दिसायला सुंदर, सरळ, पाण्यासारखा. मूल पळते, झाडावर चढते, चेंडू झेलते. सगळा कारभार एका डोळ्यावर चाललेला असतो आणि आईला, गुरुजींना, खुद्द मुलालाही त्याचा पत्ता नसतो. मुलाला आपल्याला कमी दिसते हे कळणार कसे? त्याने दुसरे काही पाहिलेलेच नाही.

एका डोळ्यावर माणूस किती करू शकतो याचे टोकाचे उदाहरण मन्सूर अली खान पतौडी. १९६१ च्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, पुढच्याच वर्षी ते २१ व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा काढल्या. पण पतौडींचा मेंदू वीस वर्षे दोन्ही डोळ्यांनी पाहायला शिकलेला होता. शिवाय त्यांना काय गमावले ते ठाऊक होते. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरच्या पाच वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नसते. पुढे कधीतरी पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर तिचा एक डोळा झाकतील, तेव्हा ते पहिल्यांदा कळेल आणि तोवर उशीर झालेला असेल.

तपासणी तशी सोपी आहे. सहा मीटरवर तक्ता, त्यावर चारही दिशांना तोंड केलेला इंग्रजी 'ई'. मुलाने एक डोळा झाकून त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचे. वाचता येण्याची गरज नाही. घरीही अंदाज घेता येतो. खोलीच्या एका टोकाला उभे करून मुलाला भिंतीवरच्या कालनिर्णयाचे मोठे आकडे आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने वाचायला सांगा. डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नको. मुले फटीतून बघतात, आणि ते लबाडी म्हणून नव्हे, तर परीक्षेत पास व्हायचे म्हणून. दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर एकेक डोळा हाताने झाकून पाहा. एका बाजूला ते शांत राहिले आणि दुसऱ्या बाजूला हात झटकू लागले, रडू लागले, तर ज्या डोळ्यावर हात आला की ते चिडते तोच त्याचा चांगला डोळा आहे आणि उघड्या राहिलेल्या डोळ्यात काहीतरी गडबड आहे.

सरकारी व्यवस्था कागदावर चांगली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरला झाली. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात; जन्मतः मोतीबिंदू आणि दृष्टिदोष दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. अडचण येते ती वेळापत्रकात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातील कितीतरी कुटुंबे भातकापणीनंतर मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिक शहरात, नाहीतर गुजरातेत जातात. मूलही बरोबर जाते. पथक आले त्या दिवशी मूल गावात नसेल, तर पुढची भेट एक वर्षाने. सात वर्षांच्या मुदतीतले एक वर्ष फार मोठे असते.

दोष सापडला, चष्मा मिळाला, म्हणजे काम झाले असे आपण समजतो. फोटो काढले जातात, मुलांच्या नाकावर नवे कोरे चष्मे, मागे फलक. इथे पुणे जिल्ह्यातला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण माध्यमिक शाळांतील मुलांना चष्मे दिल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहिले. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पाहणी झालेल्या १०१८ मुलांपैकी ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. म्हणजे जेमतेम तीस टक्के. बाकीच्यांची कारणे वाचली की मन कळवळते आणि हसूही येते: हरवला, मोडला, घरी राहिला, मित्र चिडवतात. नंबर जास्त असलेली मुले मात्र चष्मा टिकून वापरत होती, कारण त्यांना त्याच्याशिवाय काही दिसतच नव्हते.

माझ्या मते कुठल्याही प्रतिष्ठानाने, मग ते खेळाडूचे असो की कारखान्याचे, आपल्या अहवालात 'इतके चष्मे वाटले' हा आकडा छापणे बंद करावे आणि 'सहा महिन्यांनी इतके चष्मे नाकावर होते' हा आकडा छापावा. पहिला मोजायला सोपा आहे, दुसऱ्यासाठी त्याच घाटातून पुन्हा जावे लागते. पण पैसा तिथेच लागतो: मोडलेल्या दांडीच्या जागी नवी दांडी, हरवलेल्याच्या जागी दुसरा चष्मा, मुलाला स्वतः निवडता येईल अशा चार रंगांच्या फ्रेमा. पश्चिम चीनच्या ग्रामीण शाळांत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मोफत चष्मे मिळालेल्या मुलांचे वर्षअखेरीचे गणिताचे गुण इतरांपेक्षा सरस निघाले. एका चष्म्याची किंमत आणि एका शिकवणीची फी यांची तुलना वाचकांनीच करावी.

खेळाडूचा खरा उपयोग कदाचित इथेच आहे. डॉक्टरने सांगितले तर मूल ऐकते आणि विसरते. आपल्या तालुक्यातली पदक जिंकलेली ताई वर्गात येऊन म्हणाली, की चष्मा लावून पळता येते, पट्ट्याने मागे बांधला की पडत नाही, तर दुसऱ्या दिवशी चिडवणाऱ्यांचा आवाज बराच खाली येतो.

आळशी डोळ्याला नुसता चष्मा बहुधा पुरत नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून मेंदूला दुबळा डोळा वापरायला भाग पाडावे लागते. पूर्वी दिवसभर पट्टी असे आणि मुले हैराण होत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीतून दिसले, की मध्यम दोषाला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते. या दोन तासांत जवळचे बारीक काम करून घ्यायचे: मणी ओवणे, चित्र रंगवणे, तांदूळ निवडणे. पट्टी चष्म्यावर नव्हे, डोळ्याच्या कातडीवर चिकटवायची, नाहीतर वरून डोकावणे आलेच. ती सहन न होणाऱ्या मुलांच्या चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची नजर मुद्दाम धूसर करतात. पट्टी किती तास आणि थेंब किती वेळा हे डॉक्टरच ठरवणार. मनाने दिवसभर बांधून ठेवली तर चांगला डोळाही मागे पडू शकतो.

आणि मुलगा दहा वर्षांचा झाला असेल तर? पूर्वी डॉक्टर हात वर करीत. आता तसे करीत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांवर चष्मा, पट्टी आणि थेंब असे एकत्र उपचार केले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची नजर ठळकपणे सुधारली. तेरा ते सतरा वर्षांच्या, पूर्वी कधीच उपचार न झालेल्या मुलांतही काहींना फायदा झाला. म्हणजे दार सातव्या वर्षी धाडकन बंद होत नाही, हळूहळू लोटले जाते. आश्रमशाळेत पाचवीत सापडलेल्या मुलालाही संधी द्यायलाच हवी.

आश्रमशाळांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. निवासी शाळेची गाऱ्हाणी पुष्कळ ऐकू येतात, पण डोळ्यांच्या उपचारासाठी निवास ही मोठी सोय आहे. मूल रोज संध्याकाळी त्याच जागी असते. अधीक्षकांनी जेवणापूर्वी दोन तास पट्टी, सकाळच्या हजेरीला चष्मा, अशी दोन खुणांची वही ठेवली तर घरच्या आईबापांपेक्षा नियमित उपचार होऊ शकतो. त्याला यंत्र लागत नाही आणि फार निधीही लागत नाही.

जीवनसत्त्व 'अ'च्या अभावाने येणारे रातांधळेपण आता पूर्वीइतके आढळत नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे नऊ डोस, गोवराची लस आणि शेवग्याचा पाला, पपई यांसारखा आहार यांनी त्यावर बरीच मात केली आहे. तरी संध्याकाळ झाली की मूल अडखळते, आईचा पदर सोडत नाही, ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

शहरातल्या मुलांचा आजार उलट्या टोकाचा. गंगापूर रोड, इंदिरानगरच्या घरांत चष्मा वेळेवर मिळतो, पण नंबर थांबत नाही. डोळ्याचा गोल लांबट वाढत जातो आणि लांबचे धूसर होते, ही लघुदृष्टी. दिल्लीतील शाळांच्या २०१५ मधील पाहणीत सुमारे दहा हजार मुलांपैकी १३ टक्क्यांना ती होती आणि आठवड्याला चौदा तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी होती. त्याच वर्षी ग्वांगझू शहरातील १२ शाळांचा प्रयोग छापून आला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी तिथे नव्याने लघुदृष्टी आलेली मुले ३० टक्के, बाकीच्या शाळांत साडेएकोणचाळीस टक्के. व्यायामापेक्षा उजेडाचा हा परिणाम असावा असे संशोधक मानतात. वर्गात काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार. त्या उजेडाने दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि ते डोळ्याच्या वाढीला आवर घालते, असे आजचे मत आहे. बंद हॉलमधल्या बॅडमिंटनला म्हणून इथे पूर्ण गुण नाहीत.

नाशिकला सायकलींचे वेड आहे, दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. महाजनांच्या घरात तर ते पुढच्या पिढीत उतरले: डॉ. हितेंद्र यांचा मुलगा ओम याने २०२० मध्ये सतराव्या वर्षी श्रीनगर ते कन्याकुमारी अंतर आठ दिवसांहून थोड्या अधिक वेळात एकट्याने कापले. आपल्या मुलांना तेवढे करायची गरज नाही. शाळेला सायकलवर जाणे-येणे झाले तरी ग्वांगझूचा तो तास बऱ्याच अंशी भरून निघतो, रस्ते मुलांना सुरक्षित असले तर.

जाता जाता, डोळे तपासायला जाण्याबद्दल. मुलांचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढावा लागतो; मुलाचा डोळा इतक्या जोराने जवळचे पाहू शकतो की थेंबांशिवाय नंबर फसवतो. थेंब घातल्यावर काही तास, कधी एखादा दिवस, जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, टोपी बरोबर ठेवा, जुना चष्मा असला तर तोही न्या. हरसूल-पेठकडून जिल्हा रुग्णालयात येणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरावी, कारण थेंबांचा असर व्हायलाच तासभर जातो.